बार

खुर्ची मागे झुकते. आल्गोत निएमी तोंड उघडतो,
थंडीनं फुगलेलं दार उघडावं तसं, अडखळत,
आणि मी त्याचा वरचा ओठ बोटानं उचलते.

डावीकडे, सुळ्याच्या जरा अलीकडे,
चामडी पांढुरकी, सुरकुतलेली,
फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखी.
इथंच त्यानं एक्केचाळीस वर्षं बार भरला :
ओल्या तंबाखूची पुडी, न्याहारीनंतर, पाळीत, झोपेतसुद्धा,
एकच जागा.

त्याच हातांनी डोंगराच्या पोटातही बार भरले.
लोखंडाच्या दगडात भोकं, भोकांत दारू.
रात्री दीडला अख्खं कीरूना एकदा हलतं,
कपाटातल्या बशा एकमेकींना लागतात
आणि माणसं कूस बदलतात.

खुणांची सळई मी हलकेच टेकवते.
एक, दोन, तीन, चार. चार आणि थोडं.
हिरडी एवढी वर सरकलीय,
दाताचं मूळ उघडं, पिवळं,
ज्यानं कधी उजेड बघायचाच नव्हता.

"बसथांब्यावर, उणे तीसमध्ये," तो म्हणतो,
"हसलो की सणक थेट डोळ्यात जाते.
म्हणून हसत नाही.
लोकांना वाटतं, गुनव्होर गेली आणि आल्गोत बदलला.
बदललो नाही. दात दुखतो."

मग थोडं थांबून :
"दोन्ही असेल."

घासता कसे, दाखवा म्हटलं
तर त्यानं कोरडा ब्रश असा चालवला
जसा बुटांवरचा चिखल.
मी ब्रश काढून घेतला, मऊ दिला,
म्हटलं, खरवडू नका, नुसतं फिरवा,
पापणी पुसता तसं.

"आणि गेलेली परत कधी येणार?"
येणार नाही.
हिरडी गवत नाही, आल्गोत. गेली ती गेली.
आहे ती धरून ठेवायची, खालचा थर साफ करायचा,
तंबाखू सोडायची,
आणि गुरुवारी लूलेओहून सर्जन येते,
ती टाळूवरचा एक पापुद्रा काढून
मुळावर शिवेल.

"म्हणजे छप्पर काढून पाया झाकायचा."
"तसंच."
"आणि हलवलेलं जगतं?"
"रक्त मिळालं तर."

तो खिडकीकडे बघतो. दुपारचा एक, बाहेर काळोख.
खाणीनं जमीन पोखरली म्हणून
त्याचं पिवळं लाकडी घर तुळयांवर उचलून
ट्रकवरून नेलं, माणूस चालेल इतक्या वेगानं.
तो शेजारून चालत होता, दार धरून.
घर गेलं. तळघर तिथंच राहिलं,
गुनव्होरच्या रानबेरींच्या मुरांब्याचा वास घेऊन.
त्यावर आता कुंपण आहे आणि पाटी : प्रवेश बंद.

तीन आठवड्यांनी टाळूची जखम भरत आली,
लहान बाळाची टाळू भरावी तशी, हळूहळू, कुणाच्या नकळत.
सहा आठवड्यांनी ठिगळ धरलं.
रंग थोडा फिका, कड थोडी जाड,
पण गुलाबी. मी त्यावर हलकेच हवा मारली,
तो दचकला नाही.

त्याच्या जीनच्या मागच्या खिशावर
डबीचा गोल वण अजून आहे,
कापड तिथं विटलेलं. डबी नाही.
मी काही विचारलं नाही.
तो स्वतःहून म्हणाला, "सोडली."
आणि हसला, चांगला हसला, सुळ्यापर्यंत.

मग सवयीनं मी उजवीकडचाही ओठ उचलला.
चामडी पांढुरकी. अजून नीट सुरकुतलेलीही नाही,
नव्यानं बाक सापडलेला म्हातारा.

आम्ही दोघं गप्प.
दिव्यात त्याचे डोळे छताकडे,
माझा हात पेनाकडे.
लिहिलं : उजवीकडे, अर्धा मिलिमीटर.

त्या रात्री दीडला बशा वाजल्या.
माझी जीभ आपोआप टाळूला लागली.