शेवटचा ट

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात
ओडेगार्डबाई प्रत्येकीला टिश्यूपेपरची पट्टी देतात.
ओठांसमोर धरायची, म्हणायचं : स्टॉप. वर्क. वेट.
शब्द संपताना पट्टी हलली पाहिजे.

थोआची हलत नाही.
तिच्या भाषेत शेवटचं अक्षर जिभेवर येतं
आणि आतून कडी लावून घेतं.
तिकडे तीच रीत.
इथे नेब्रास्कात ते कुणाला ऐकूच येत नाही.

मांसाच्या कारखान्यात सुपरवायझर विचारायचा,
रविवारी येशील?
ती म्हणायची, आय कॅन्ट.
त्याला ऐकू यायचं, आय कॅन.
खूश होऊन तो अंगठा दाखवायचा.
असे एकवीस रविवार
गारठलेल्या पट्ट्याशी, हातात सुरी,
स्वतःच्याच होकारावर चकित.

मुलगा म्हणतो, आई, सरळ ‘नो’ म्हण ना.
पण ‘नो’ तिला तोंडावर दार आपटल्यासारखं वाटतं.
सगळा नकार एका ट वर टांगलेला,
आणि तो ट पायमोडका.

जानेवारीभर तिनं पार्किंगमध्ये घोकलं,
गाडीच्या काचेवर
वाफेचा ठिपका उमटेपर्यंत.

परवा तो आला वही घेऊन. रविवारी?
कॅन्ट, ती म्हणाली.
वहीचं पान हललं.
पंख्यानंही हललं असेल.
ओके, तो म्हणाला, आणि पुढच्या बाईकडे वळला.
बस, एवढंच.

रविवारी सवयीनं पाचलाच जाग आली.
स्वयंपाकघरात विचारणारं कुणी नव्हतं,
तरी तिनं एकदा म्हणून पाहिलं.
चहावरची वाफ
जराशी वाकडी झाली.