दोन्ही सारख्याच

नारीनच्या वरच्या अंगाला नदी गोठली
की केंद्रात तीनच आवाज उरतात :
शेगडीचा, सुयुनबायच्या खोकल्याचा
आणि सर्व्हरच्या पंख्याचा.
आज पंखा आहे. पण पडदा काळा,
डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते,
काहीच न मागता.

जमिनीला कान लावून बसलेलं हे यंत्र
रात्री वीज गेली तेव्हा निजलं,
वीज आली तरी उठेना.

जीपारने खोक्याचं झाकण काढलं.
आत चिकटवलेला कागद, इसाबेकच्या हातचा.
तो आता कोरियात, गाड्यांच्या सीटा शिवतो.
‘दोन डिस्क. दोन्ही सारख्याच. एक गेली तरी काळजी नको.’
एक गेली होती.
कानाशी धरली तर आत खडा अडकल्यागत
टक् टक् करत होती.

दुसरीत सगळं होतं.
अठरा वर्षांचे हादरे, तारीखवार,
एक अक्षर इकडचं तिकडे नाही.
पहिलीला जे सांगितलं ते हिनेही ऐकलं होतं,
त्याच क्षणी, त्याच क्रमाने.
फक्त जागं कसं व्हायचं
ते पहिलीच्या कपाळावर लिहिलेलं,
कारण ग्रब बसवताना इसाबेकने
एकाच डिस्कचं नाव टाइप केलं.
आरसा कपाळापासून सुरू होत नाही,
जरा खालून होतो,
हे त्याला ठाऊक नसावं.
किंवा ठाऊक असावं आणि चहा निवत असावा.

जीपारने पेन ड्राइव्हवरून दुसरंच लिनक्स चढवलं,
पाहुण्यासारखं, जोडे दाराशी काढून.
उरलेल्या डिस्कला विचारलं, तू कुठल्या जोडीतली?
तिने लांबलचक क्रमांक सांगितला
आणि पुढे : दोघींपैकी एक हजर.
अर्धी तर अर्धी, जोडी उभी केली, माउंट केली,
डेव्ह, प्रॉक, सिस यांना हाताला धरून आत नेलं,
मग स्वतःच त्या घरात शिरली, क्रूट करून,
आणि ग्रब बसवला, या खेपेला हिच्या कपाळावर.
रीबूट.

मेनू आला. सुयुनबाय म्हणाला, “झालं?”
झालं नव्हतं.
दहाबारा ओळी धावल्या आणि थबकल्या :
रूट सापडत नाही.

“तुम्ही उन्हाळी कुरणावर गेलात
की आधी राहुटी ठोकता ना?
हेही तसंच करतं. घर उघडण्याआधी
मेमरीत एक राहुटी,
त्यात मोजकी हत्यारं आणि एक चिठ्ठी :
घर कुठे आहे. घर उघडलं की राहुटी गुंडाळायची.”
“मग?”
“चिठ्ठी जुनी आहे.”
ती जरा थांबली.
“वसंतात मीच जोडी नव्याने बांधली. क्रमांक बदलला.
राहुटीतली चिठ्ठी बदलायची राहिली.
तेव्हापासून हे एकदाही बंद पडलं नाही.”

सुयुनबायने कुरूतचा गोळा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.
“म्हणजे इसाबेकची चूक नाही.”
“एक त्याची. एक माझी.”
मघापर्यंत ती त्यालाच शिव्या घालत होती,
किरगिझमध्ये, आणि जिथे ती कमी पडली तिथे रशियनमध्ये.

राहुटीच्या दाराशी, बोटं काखेत शेकत शेकत,
तिने हाताने जोडी उभी केली
आणि म्हणाली, आता जा.
घर उघडलं.
चिठ्ठी नवी लिहिली, राहुटी नव्याने शिवली,
मग मुद्दाम पुन्हा बंद करून चालू केलं,
कारण विश्वास ठेवायचा तो उठलेल्यावर नाही,
दुसऱ्यांदा उठलेल्यावर.

पाच बावन्नला आलेख सुरू झाला.
त्याआधी सव्वासहा तास कोरे.

“तीनच्या सुमाराला,” सुयुनबाय सहज म्हणाला,
“फळीवरचे प्याले किणकिणले होते.
मला वाटलं, ट्रक.”
“या वाटेला? रात्री तीनला?”
तो काही बोलला नाही.

जीपारने वही ओढली, पेन्सिलीने लिहिलं :
तीन वाजता, अंदाजे. साक्षीदार : प्याले.
मग इसाबेकचा कागद उपटला नाही,
त्याच्याखाली नुसती एक ओळ वाढवली :
‘सारख्या नाहीत. उठवून बघा.’