पहिला घाव

शिवोलीच्या बाजारात मी फोडच घेते,
पावशेर, फार तर अर्धा किलो.
बाजारवाली विचारते, दुदी जाय?
मी मान हलवते.
आमच्या वणीत ह्याला कोहळं म्हणतात,
पुण्याकडे भोपळा. तिथे दुधी मागाल
तर भलतंच काही पिशवीत पडतं.
सात वर्षं पोस्टात पत्ते वाचून एवढं कळलं,
नाव चुकलं तरी वस्तू बहुधा पोचते.

फोड का घेते, ते कुणाला सांगत नाही.
अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नसतो.
आमच्याकडे वडील घालायचे. मग नवरा.
तो आता नागपुरात दुसऱ्या कुणाचं कोहळं चिरतो.
फोड आधीच कुणीतरी कापलेली असते,
तिला घरात कोण आहे, कोण नाही
याच्याशी देणंघेणं नसतं.

वरच्या खोलीत इलोना राहते, हंगेरीची.
रात्रभर वॉशिंग मशीनच्या पुस्तिका
एका भाषेतून दुसरीत नेते आणि दुपारी खाली उतरते.
एस्पेरांसबायच्या घरात तिघींना मिळून दोन शेगड्या,
एक सिलिंडर,
त्याचा हिशेब दारामागे खडूनं.

परवा ती आली ती कडेवर भोपळा घेऊन.
म्हापशाहून, बसनं, चांगला पाच किलोचा.
कंडक्टरनं त्याचंही तिकीट मागितलं म्हणे.
ओट्यावर ठेवला. म्हणाली, त्यॉक.
एस्पेरांसबाय म्हणाली, दुदी.
मी म्हटलं, कोहळं.
तो तिघींकडे न बघता बसून राहिला,
एका बाजूला सुकलेला चिखल.

एस्पेरांसबाय खिडकीशी गेली, शेजारच्या बाबनीला हाक मारायला.
तिचा तार्वटी बोटीवरच गेला,
तेव्हापासून नारळसुद्धा ती बाबनीकडून फोडून घेते.
मी म्हणणार होते, थांब.
जीभ टाळूला लागलीच होती.
इलोनानं पावाची सुरी खुपसली. अडकली.
मग सुरीसकट भोपळा उचलून
तिनं ओट्यावर आपटला.

मांजर पळालं.
आणखी काही झालं नाही.
दोन अर्धुकं जरा वेळ डुलत राहिली,
ओल्या दोऱ्यांत गुंतलेल्या बिया,
काकडीसारखा गार वास.
मी घड्याळाकडे पाहिलं, कशाला कोण जाणे.
बारा चाळीस.

तिनं तिच्या वाट्याचा किसला आणि शेपू घातला.
शेपू! कोहळ्यात!
वर दही, आणि आईनं पाठवलेली लाल पूड,
जी कस्टमनं दीड महिना अडवली होती,
जिचा फॉर्म मीच तिसऱ्यांदा भरला होता.
तिखट नाहीच ती. नुसती लाल.
एस्पेरांसबायनं सुकी सुंगटं टाकली, नारळाचा रस, दोन सोलां.
मी बाकर भाजी केली, खसखस, सुकं खोबरं भाजून.
चारोळी मिळेना म्हणून काजू घातले.
आईनं ताट सरकवलं असतं.

तरी अर्धा उरला.
चार दिवस तेच.
तिसऱ्या दिवशी शेपूवाला मी मुकाट्यानं
दुसऱ्यांदा वाढून घेतला.

पहिल्या घावाचं तिला मग सांगितलं.
ती विचारात पडली. म्हणाली, आमच्यात
टेबलाच्या कोपऱ्याशी बसणाऱ्या मुलीचं लग्न होत नाही.
मी जन्मभर मधे बसले.
तरी बघ.
आमच्या टेबलाला तिसरी खुर्ची कोपऱ्यावरच येते.
एस्पेरांसबाय तिच्यावर बसून काटे काढत होती,
म्हणाली, माझं झालंय एकदा, पुरे.

आज बाजारवाली फोड कागदात गुंडाळू लागली.
म्हटलं, राहू दे.
तो मागचा दे, देठाचा.
पिशवीचा बंद पोस्टापाशीच तुटला.
मी तो कडेवर घेतला.