मोजणी

छत्री ईझलला सुतळीनं बांधलेली,
वाऱ्याचं मत बदललं की माझ्या अंगावर पडते.
कागदाला चारी बाजूंनी चिकटपट्टी,
मला एकाही बाजूनं नाही.

एकतीस वर्षं वडगावच्या शाळेत फळ्यावर
आंबा, कप, घर आणि मागे दोन डोंगर काढले.
खरे डोंगर एका जागी बसत नाहीत.
राजहंसगड सकाळी निळा,
साडेदहाला डस्टरनं पुसलेला,
मग परत, पण जरा डावीकडे.
धुकं सरकलं म्हणा.
मी डावीकडेच काढते.

मे महिन्यात इथंच
ब्रश टेकायच्या आत पाणी उडायचं,
जुलैत एक आभाळ वाळायला तीन दिवस,
तेही चुलीपाशी; त्या आभाळाला अजून धुराचा वास आहे.
आज ऑक्टोबर. येळ्ळूरचं भात फुलोऱ्यात,
वास असा की हिरवा कालवताना भूक लागते.

बांधावरून एक बाई आली, हातात विळा.
आधी कन्नडमधून, "एल्लिंद बंदिरी?"
मग माझ्याकडं नीट बघून, आपल्यातच,
"बायपासवाल्याकडनं आलीस? काय काढूलीस?"
चित्र, म्हटलं.
"त्यो पोरगा बी असाच आल्ता.
तीन पायाची काठी रोवली, डोळा लावला,
कागुद भरला, च्या पिऊन गेला.
म्हयन्यानं बांधावर लाल आकडे."

माझ्या ईझललाही तीनच पाय.
दोघींनी एकदमच मोजले.

फळी तिच्याकडं वळवली.
ती बराच वेळ बघत राहिली.
"ह्ये काय, ढग?"
ढग.
"ढगावर आकडे घालाय येत न्हाईत."
नाही येत.
मग तिनं विळा खाली ठेवला, आणि पदर खोचून
मोजणीला सुरुवात केली:
"माझी हीर कुठाय? ती घाल.
कडंची जांभळ ऱ्हायली. सासऱ्यानं लावलेली हाय.
आणि बांध आत घेतलास बघ,
दोन हात भाईर काढ."

एवढीशी फळी. दोन हात म्हणजे केसभर.
काढला बाहेर.

विहिरीचा निळा ओला असतानाच सर आली.
छत्री आधीच गटारात.
तिनं डोकीवरची पोत्याची खोळ काढून कागदावर धरली,
स्वतः भिजत, आणि मला ओरडत,
की शिकलेली बाई आणि पावसात पाण्याचे रंग आणतीस.
तरी चार थेंब आत आलेच.
विहीर पसरली. जांभळीच्या मुळात गेली,
बांध ओलांडून गेली,
दोन हातांच्या पुष्कळ पुढं.
मी टिपायला फडकं उचललं.
"असू दे की," ती म्हणाली.

चिकटपट्टी सोडवून मागं लिहिलं: तारीख. हवा, सर मध्यम.
तिनं सर्वे नंबर सांगितला, पोटहिश्श्यासकट,
न थांबता, लेकराचं नाव सांगावं तसा.
पेन्सिलीनं लिहिला.

"पेनानं," ती म्हणाली.