कस्टम लाइन, घर नंबर चार

फॉर्मवरचा पहिला रकाना: बांधकामाचं साल.
मी लिहिते, माहीत नाही.
दारावरच्या दगडात आकडा कोरला होता म्हणतात,
तो चुन्याच्या कितीएक हातांखाली गेला.

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे तोंड करून पाच घरं,
खांद्याला खांदा, मधे बोटभर फट नाही.
दोघांत एक भिंत,
म्हणून तीन नंबरातल्या रझियाबींची लसूण
चारात ठेचली जाते,
आणि चारातला खोकला पाचात जातो,
जिथे सध्या कोणी नाही. मालक मस्कतला.
खोकला तिथे जाऊन काय करतो, कोण जाणे.

ज्याने नकाशा काढला तो इथे आलाच नसणार.
नाहीतर या घामट किनाऱ्यावर
दर घराला दोन धुराडी कोण बांधेल?
केरकरबाईंच्या शेकोटीत
खुडूक कोंबडी बसली आहे.
‘अकरा अंडी. लिवा.’
मी लिहिते: शेकोटी, जांभ्याची, वापरात.

पायरीत रोवलेली लोखंडी पट्टी
साहेबाच्या बुटांचा चिखल खरवडायची.
बूट गेले.
‘आता काय करता हिचं?’
‘तांबोशेची खवळां काढूक बरी पडता.’
मधोमध झिजून ती आत वळली आहे, जुन्या विळतीसारखी.

दारावर अर्धगोल झडप, पंख्यासारख्या पट्ट्या.
काच बोटीतच फुटली असेल
किंवा कोणी पाठवलीच नसेल;
त्या जागी घासून पातळ केलेले शिंपले.
सकाळी दहाला त्यातून जो उजेड बोळात उतरतो
तो ताकाच्या निवळीसारखा.
मी त्यात हात धरून बघते.
फॉर्मवर यासाठी रकाना नाही.

माडीवर, डावीकडून दुसरी खिडकी
खोटी.
चौकट आहे, पुढे आलेली दगडी पट्टी आहे,
तावदानांच्या रेघा काळ्या रंगात,
मागे सबंध चिरा.
समोरून ओळ सारखी दिसावी, एवढ्यासाठी.
केरकरबाई लग्न होऊन आल्या तेव्हा
विहिरीवरून येताना मोजायच्या, चार.
आत येऊन मोजायच्या, तीन.
कुठलीतरी खोली आपल्यापासून लपवली आहे
असं सात महिने वाटत राहिलं.
सासूला विचारायचा धीर झाला नाही.
‘मगे?’
‘मगे रंगारी इलो. शिडयेर चढान
तावदानां रंगवी होतो.’
त्या हसतात, पण
अजूनही त्या भिंतीला कपाट लावलेलं नाही.

दुपारी इनास मेस्त्री येतात.
खऱ्या खिडक्या वर सरकणाऱ्या,
चौकटीच्या पोकळीत दोरी, कप्पी आणि लोखंडाचं वजन,
असं मी शिकले होते.
ते पटाशीनं फळी उचकटतात, हात घालतात,
आणि बाहेर येते
जाळ्याच्या शिशांची लांबच लांब माळ.
‘लोखंड खाऱ्यान खाल्ल्यान.
कोणा गाबतान ही दिली आसतली.’
म्हणजे इतकी वर्षं या भिंतीत
एक जाळं उभं होतं, मासा न पकडता,
काचा तोलून धरत.

जुनी दोरी हातात येताच तुटते.
नवी नायलॉनची, निळी, धक्क्यावरून आणलेली.
कप्पीला खोबरेल.
खिडकी वर जाते, आणि राहत नाही, वरच धावते.
लाकूड सुकून हलकं झालंय, मेस्त्री म्हणतात,
आणि एकेक शिसं काढत जातात,
पाच, सहा,
सातव्याला ती अर्ध्यावर थांबते.

केरकरबाई पुढे येतात.
एका बोटानं वर करतात. खाली. पुन्हा वर.
खारा वारा त्यांच्या पदरात शिरतो.
‘छप्पन वर्सां,’ त्या म्हणतात,
‘माका वाटलेला, ही पण रंगवलेली.’

मेस्त्री मजुरी नको म्हणतात.
ती सात शिसं तेवढी मागून घेतात,
धाकट्याच्या पागेरासाठी.