राखाडीचा हिशेब

पुण्याहून फोनवर आकडा आला :
एका कागदाचे तीन हजार आठशे.
माझ्याकडे कागद तीन.
चहाच्या बिलामागे गुणाकार केला
आणि बिल उलटं ठेवलं.

म्हापशाच्या या खोलीत
प्रिंटरला रात्री पांघरूण घालतो मी.
हवेतून गाळलेलं पाणी
सकाळी अबोलीच्या कुंडीला.

कागदाची कंपनी प्रोफाइल फुकट देते.
वाईट नाही. रेडिमेड सदऱ्यासारखं,
खांद्यात बसतं, मनगटाशी बोटभर लांब.
आभाळ ठीक, माड ठीक,
फक्त सावलीतल्या राखाडीवर
हिरवट झाक,
न घासलेल्या तांब्याच्या कळशीला आतून येते तशी.

मेहुण्याचं, उल्हासचं, टाइल्सचं दुकान आहे खाली.
"कुणाला दिसतंय ते?" तो म्हणाला,
आणि मग ती चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
या वेळी मला
कोंबडी कुठली नि मसाला कुठला
तेच उमजेना.

काम फेलिसिदादचं. आगरवाड्याची मिठागरं,
चौदा फोटो, पणजीत प्रदर्शन,
दर ठरवताना तिनंही दोनदा उसासे टाकले.
मग मी हातानंच बसलो सुधारत :
किरमिजी किंचित वर, पिवळा किंचित खाली,
एक प्रिंट, खिडकीपाशी नेऊन बघ, नाही,
पुन्हा एक.
नवव्या कागदावर हिरवा गेला.
मी एकटाच टाळी वाजवली.

शुक्रवारच्या बाजाराला
मिठाची टोपली घेऊन आलेली रुक्मा
फेलिसिदादबरोबर जिना चढून आली.
फोटोत तीच होती, पाठमोरी, फावडं घेऊन.
स्वतःकडे तिनं पाहिलंच नाही.
ढिगाकडे पाहिलं बराच वेळ.
"हें मीठ न्हय," म्हणाली, "ही साखर."
आणि कनवटीची पुरचुंडी सोडून
जिथं मी दमटपणा थेंबाथेंबानं मोजतो
त्या टेबलावर
मूठभर समुद्र ठेवला.

करडं होतं. चिखलाशी संसार केलेलं.
पांढरं होतं, पण विचारून विचारून.

ती गेल्यावर बिल सरळ केलं.
नऊ कागद, चारशे ऐंशीचा एक :
चार हजार तीनशे वीस.
म्हणजे एक प्रोफाइल मी आधीच विकत घेऊन
केराच्या टोपलीत घातलं होतं,
वर पाचशे वीस रुपये बक्षीस.

तिन्ही नाही. एकच, सुती कागदाचं.
बाकी दोघांनी रेडिमेडवर दिवस काढावेत.
जूनमध्ये हाच कागद शाई वेगळी पिणार,
हे पुण्याच्या माणसानं न विचारता सांगितलं
म्हणून त्याच्यावर विश्वास बसला.

साऱ्या दुरुस्त्या बंद केल्या.
प्रिंटरला म्हटलं, चूक तुझ्या मनासारखी कर,
पण दर वेळी तीच कर.
नऊशे चौकोन उतरले, दिवसभर वाळत ठेवले.
उल्हासनं मान वाकडी करून पाहिलं :
"कुठल्या कंपनीची टाइल रे ही?"

पाकिटावर लिहिलं, दुमडू नये.
चिकटवण्याआधी मात्र
बशीत पाणावत चाललेलं ते मीठ
चौकोनांशेजारी धरून पाहिलं, एकेक ओळ.
शेवटून तिसऱ्या ओळीत
एक सापडला.
जवळजवळ.