दोनशे ग्रॅम

सोनगीर सुटलं की रस्ता बोलायचा थांबतो.
चैत्रातली दुपार. दोन्हीकडे मुरमाड माळ,
निवडुंग, बिननावाची टेकडी, पुन्हा निवडुंग,
आणि छोट्या हत्तीच्या हौद्यात
झुलालकाकाचे सात तराजू, एकमेकांशी भांडत.

काका तराजू दुरुस्त करतो, गावोगाव.
माझ्या मांडीवर वजनांची पेटी. आत निळं मखमल,
त्यात पितळी वजनं उंचीनुसार उभी,
शाळेच्या फोटोत असतात तशी.
"चुकलेल्या काट्याला हीच काय ती सांगतात," काका म्हणतो,
"बाकी बाजारात सगळा अंदाज."

चिमठाण्याच्या अलीकडे 'हॉटेल सागरकिनारा'.
पाणी टँकरचं, तेही शनिवारी.
भिंतीवर निळ्या लाटा, लाटांत पाय बुडवून एक बोकड.
काय हुबेहूब काढलाय, म्हणालो,
तेवढ्यात तो चालू लागला.
मंगाबाईने समुद्र पाहिलेला नाही.
पेंटरनेही नाही. विचारून विचारून काढला, म्हणाली.
शेवभाजी मात्र अशी, की नाकाडोळ्यांतून
समुद्र स्वतःच आला.

पुढे पवनचक्कीचं तुटकं पातं आडवं पडलेलं,
बुडाशी पोकळ, आणि पोकळीत सलून.
खुर्ची एक. आरसा एक. उरलेलं पातं अंधारात निमुळतं होत गेलेलं.
गिऱ्हाईक खोकलं की पातं खोकतं, जरा उशिराने.
काकाने दाढी करून घेतली, नको असताना.

मग उखर्डू अप्पाची टपरी.
आधी तीन लेकरं गेली, म्हणून हा जन्मताच
उकिरड्यावर ठेवून उचललेला. तेच नाव.
चहा विकतो, आणि ट्रकमधून पडलेल्या वस्तू सांभाळतो.
फळ्यांवर ओळीने:
एक कुकरचं झाकण. दाराची अर्धी चौकट.
लग्नपत्रिकांचा गठ्ठा, तिथी उलटून सहा वर्षं.
पेटीची एकच काळी पट्टी. डावा गमबूट.
प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख.
"कोन्हं शे ते मी इचारस नही," अप्पा म्हणाला,
"कव्हय पडनं, ते लिखस."

नंदुरबारच्या पथारीवर हंगामातली शेवटची मिरची,
डोळे मिटले तरी लाल.
व्यापाऱ्याचा काटा लावला, काका शिंकला, काटा हलला,
व्यापारी म्हणाला, बघा, भाव वाढला.
मी पेटी उघडली.
मखमलीत एक गोल खळगा रिकामा.
काका काही बोलला नाही. अंगठा खळग्यात ठेवून पाहिला.
बसला नाही.

परत फिरलो. दोंडाईचा, रस्ताभर बॅटरी मारत,
निवडुंगाच्या सावल्या वाकून बघत होत्या.

अप्पाकडे कंदील. फळीवर नवी चिठ्ठी:
'पितळ. आज. जड.'
"आमचंच ते. दोनशे ग्रॅम."
"कशावरून?"
काकाला आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं.
त्याने तराजू उतरवला, टांगला.
एका पारड्यात ते. दुसऱ्यात शंभर, पन्नास,
दोन विसाची, एक दहाचं.
काटा थरथरला. थरथरत राहिला.
तिघांनीही श्वास धरला होता, तो धरून कंटाळा आला,
तेव्हा कुठे थांबला.

चिठ्ठी फाडताना अप्पा म्हणाला, पहिलंच हे, परत गेलेलं.
मग फळ्यांकडे पाहिलं.
आता यांचंबी सांगा.

कोंबडा आरवेपर्यंत आम्ही वजनं सांगत होतो.
पट्टी, अठरा ग्रॅम. पत्रिका, एक किलो एकशे चाळीस.
गमबूट, आतल्या वाळूसकट. वाळू काढू दिली नाही.
तो तारखेपुढे आकडे लिहायचा, जपून, एकेक,
आणि प्रत्येक वेळी एक हात पारड्याच्या कडेवर
ठेवलेला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

अप्पा, हात काढा, काका म्हणाला. काटा चुकतो.
काढला नाही.
काकाने वाकून पाहिलं,
आणि तसंच सांगितलं, हातासकट.